लहान कॅमेरा आणि दीड मीटरचे अंतर

संपादक महाशय,

सप्रेम नमस्कार.

पालखी सोहळ्यातील छायाचित्रकारांच्या वर्तनाविषयी आपल्या दैनिकात प्रसिद्ध झालेले एका वाचकभगिनींचे पत्र मी दोनदा वाचले. पाण्याच्या टँकरपाशी आंघोळ करणाऱ्या वारकरी स्त्रियांची छायाचित्रे रस्त्याच्या पलीकडून घेणारी मंडळी त्यांनी स्वतः पाहिली आहेत आणि त्यांचा संताप सर्वस्वी रास्त आहे. मात्र पत्राच्या शेवटी त्यांनी असे म्हटले आहे की, आता मुठीत मावणारे आणि आवाज न करणारे मिररलेस कॅमेरे आल्यामुळे हा प्रकार आणखी वाढणार, सबब पालखी मुक्कामाच्या पेठांत आणि मंडईसारख्या गजबजलेल्या जागी अशा कॅमेऱ्यांना बंदी करावी. चाळीस वर्षे पुण्याच्या पेठांमध्ये हौसेने छायाचित्रे घेत आलेला आणि गेली काही वर्षे नेमका असाच लहान कॅमेरा वापरणारा माणूस म्हणून या मागणीविषयी मला काही सांगणे आवश्यक वाटते.

प्रथम सहमतीचा भाग. रस्त्यावर आलेला माणूस म्हणजे छायाचित्रासाठी मोकळा सोडलेला माणूस, असे मानणारे आमच्यात अनेक आहेत आणि ते चूक आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणाचा हक्क मूलभूत ठरवला, त्या निकालात हेही स्पष्ट केले आहे की, केवळ सार्वजनिक ठिकाणी आल्यामुळे माणसाचा खासगीपणा संपत नाही. उघड्यावर आंघोळ करावी लागणे ही त्या माउलींची हौस नव्हे. मुक्कामी पुरेशी स्नानगृहे नसतात म्हणून ती वेळ त्यांच्यावर येते. त्या क्षणी त्यांच्याकडे कॅमेरा रोखणे हे मला कोणत्याही कारणाने समर्थनीय वाटत नाही, मग तो कॅमेरा लहान असो वा मोठा.

प्रश्न एवढाच आहे की, ती छायाचित्रे कोणत्या साधनाने घेतली जातात. रस्त्याच्या पलीकडून, म्हणजे पंधरा-वीस मीटरवरून, माणसाचा चेहरा ठळक टिपायचा तर दोनशे मिलिमीटर किंवा त्याहून लांब लेन्स लागते. ७०-२०० मिलिमीटरची, मोठ्या अॅपर्चरची (म्हणजे प्रकाश आत घेणारे छिद्र मोठे असलेली) लेन्स आणि तिला साजेसा जुन्या पद्धतीचा डीएसएलआर कॅमेरा मिळून वजन दोन किलोंच्या वर जाते. मी स्वतः असे ओझे नऊ वर्षे खांद्यावर वागवले आहे, म्हणून सांगतो. याउलट माझ्याकडे आता जो कॅमेरा आहे, तो २०१७ साली बाजारात आलेला फुजीफिल्मचा एक्स-ई३. त्यावर २३ मिलिमीटरची एकच, झूम नसलेली लेन्स कायम बसवलेली असते आणि दोन्ही मिळून वजन सुमारे पाचशे ग्रॅम भरते. या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारा भाग, एपीएस-सी मापाचा, म्हणजे साधारण साडेतेवीस मिलिमीटर रुंद आहे. लेन्सचे नाभीय अंतर (ते २३ मिलिमीटर) आणि सेन्सरची रुंदी जवळजवळ सारखीच असल्यामुळे एक सोपा हिशेब जमतो: समोरच्या वस्तूपासून आपण जितक्या अंतरावर उभे, तितक्याच रुंदीचे दृश्य चौकटीत येते. दीड मीटरवर उभे राहिले तर दीड मीटर रुंदीचे, म्हणजे बसलेला माणूस आणि त्याच्या भोवतीची चार भांडी. पंधरा मीटरवर उभे राहिले तर पंधरा मीटर रस्ता, आणि त्यात तो माणूस बोटाएवढा. थोडक्यात, या कॅमेऱ्याने रस्त्यापलीकडून कोणाचा चेहरा चोरता येत नाही. लहान बॉडीलाही लांब लेन्स लावता येते हे मला ठाऊक आहे. पण ती लावली की तो कॅमेरा लहान राहत नाही आणि लपतही नाही. मी बोलतो आहे ते लहान बॉडी आणि लहान लेन्स या जोडीविषयी.

मिररलेस म्हणजे काय, हे सर्वच वाचकांना माहीत असेल असे नाही. जुन्या पद्धतीच्या कॅमेऱ्यात लेन्समागे पंचेचाळीस अंशांत एक आरसा असतो. तो प्रकाश वर वळवतो, वरचा प्रिझम ते चित्र डोळ्यापर्यंत पोहोचवतो, आणि बटण दाबताच आरसा उचलला जाऊन प्रकाश सेन्सरवर पडतो. आपण ऐकतो तो ठसठशीत आवाज बराचसा या आरशाच्या उचलण्या-पडण्याचा. पॅनासोनिकचा ल्युमिक्स जी१ २००८ साली आला, तेव्हापासून हा आरसा काढून टाकलेल्या आणि लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यांचे युग सुरू झाले. आरसा गेला, प्रिझम गेला, बॉडीची जाडी कमी झाली आणि सेन्सरवर पडणारे चित्रच थेट लहानशा पडद्यावर दिसू लागले.

या शेवटच्या गोष्टीचा रस्त्यावर किती उपयोग होतो, ते वारीत कळते. पांढरा सदरा, पांढरी टोपी आणि उन्हाने रापलेला सावळा चेहरा, हे प्रत्येक छायाचित्रकाराची परीक्षा पाहणारे दृश्य आहे. कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर टोपीकडे पाहून चेहरा काळा करतो, किंवा चेहऱ्याकडे पाहून टोपीचा नुसता पांढरा डाग करतो. पूर्वी हे घरी गेल्यावर समजायचे. आता व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे डोळ्याला लावायच्या खिडकीत, टोपीवरची चुणी दिसेनाशी झाली की अंगठ्याने उजेड कमी-जास्त करणारी वरची चकती दोन खाचा मागे फिरवायची. चुणी परत दिसू लागते, चेहऱ्यातला गडदपणा नंतर उजळता येतो. हे सारे डोळा न काढता होते आणि समोरच्या माणसाला ताटकळत ठेवावे लागत नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे या कॅमेऱ्याचा व्ह्यूफाइंडर बॉडीच्या अगदी डाव्या कोपऱ्यात आहे. उजवा डोळा त्याला लावला की नाक मोकळे राहते, डावा डोळा उघडा राहतो आणि अर्धा चेहरा समोरच्याला दिसत राहतो. मोठ्या डीएसएलआरमध्ये व्ह्यूफाइंडर मधोमध असतो. तो डोळ्याला लावला की माणसाच्या जागी एक काळे यंत्र आणि त्याची नळी तेवढी उरते. आपल्याकडे कोण पाहत आहे हे समोरच्याला कळू न देता त्याच्याकडे पाहणे, यातच त्या वाचकभगिनींना खटकलेल्या उद्धटपणाचे मूळ आहे, असे मला वाटते. पूर्वीच्या साधनांत हा दोष सर्वत्र नव्हता. होमाई व्यारावाला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या आणि पुढे भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या गेल्या; त्या वापरत त्या कॅमेऱ्यांपैकी रोलायफ्लेक्स हा पोटाशी धरून वरून मान खाली घालून पाहायचा कॅमेरा. छायाचित्र घेणारी व्यक्ती त्यात पूर्ण दिसते, किंबहुना समोरच्यापुढे मान झुकवून उभी असते. १९२५ साली लायकाचा लहान कॅमेरा बाजारात आला आणि रस्त्यावरच्या छायाचित्रणाची परंपरा त्याच्यामुळेच फोफावली. म्हणजे रस्त्यावर लहान कॅमेरा ही काल-परवाची टूम नाही. मधल्या काळात आम्हीच अवजड यंत्रांच्या नादी लागलो होतो.

आता आवाजाविषयी, कारण त्या पत्रातील खरी भीती तीच आहे आणि ती निराधार नाही. या कॅमेऱ्यांत दोन प्रकारचे शटर असते. एक यांत्रिक, ज्याचा हलका ‘टक्’ असा आवाज होतो. दुसरे इलेक्ट्रॉनिक, ज्यात काहीच हलत नाही आणि आवाज मुळीच होत नाही. कॅमेरा नवा होता तेव्हा मी दुसरेच वापरत असे. एकदा सकाळी महात्मा फुले मंडईत कोथिंबिरीच्या जुड्या बांधणाऱ्या एका मावशींना मी विचारले, ‘‘मावशी, हातांचा एक फोटो घेऊ का?’’ त्यांनी मान हलवली. ओल्या गोणपाटावर जुड्यांची चळत होती, केळीच्या सोपटाची ओलसर दोरी त्यांच्या दातांत धरलेली होती आणि बोटे इतकी हिरवी झाली होती की नखे कुठे संपतात ते दिसत नव्हते. मी तीन छायाचित्रे घेतली आणि आभार मानून उठलो. त्यांनी दोरी तोंडातून काढली आणि विचारले, ‘‘काका, वाजलं कुठं? निघाला का न्हाई फोटू?’’

मी घेतल्याचे सांगितले, पडद्यावर दाखवलेही. त्या हसल्या, पण पुन्हा म्हणाल्या, ‘‘वाजायला पायजे व्हतं. मंग कळतं.’’

संपादक महाशय, या कलेविषयी मी पुष्कळ वाचले आहे, परंतु इतके नेमके वाक्य मला क्वचितच भेटले. संमती देऊन बसलेल्या माणसालासुद्धा तो क्षण केव्हा घेतला गेला हे कळण्याचा हक्क आहे, आणि तो हक्क त्या लहानशा आवाजातून पुरा होत असतो. त्या दिवसापासून मी यांत्रिक शटरच वापरतो. देवळातील कीर्तनात किंवा प्रवचनात, जिथे आवाजाने इतरांना व्यत्यय येतो, तिथे मूक शटरचा उपयोग आहे, तोही आधी सांगून. रस्त्यावर त्याचे काही काम नाही. तांत्रिकदृष्ट्याही ते रस्त्याला फारसे मानवत नाही. इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये सेन्सर एकेक ओळ वाचत जातो, त्यामुळे वेगाने जाणारी रिक्षा तिरकी होते, आणि आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला शंभर वेळा कमी-अधिक होणाऱ्या दिव्यांखाली चित्रावर आडवे पट्टे उमटतात. मंडईतल्या गाळ्यांवरच्या स्वस्त एलईडी दिव्यांनी माझी एक अख्खी सकाळ अशीच वाया घालवली आहे.

जवळ जाऊन छायाचित्र घेणे म्हणजे अंगावर जाणे, असा एक गैरसमज आहे. प्रत्यक्षात जवळच्या छायाचित्रासाठी घाई कमी करावी लागते, आणि ती कमी कशी करायची याची एक जुनी रीत आहे. अॅपर्चर एफ/८ वर ठेवायचे आणि फोकस अडीच मीटरवर हाताने पक्का करायचा. २३ मिलिमीटरच्या लेन्सने मग साधारण दीड मीटरपासून दहा मीटरपर्यंतचे सारे पुरेसे स्पष्ट येते. कॅमेऱ्याने फोकस शोधत बसायचे नाही, आपणही बटण अर्धे दाबून लेन्स पुढे-मागे करायची नाही. चालणाऱ्या माणसांसाठी शटर १/५०० सेकंद ठेवले, तर आषाढातल्या ढगाळ उजेडात आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) आठशे ते सोळाशे लागतो आणि आजच्या सेन्सरला तो सहज पेलतो. म्हणजे यंत्राची सारी जुळवाजुळव घरातून निघतानाच झालेली असते. रस्त्यावर उरते ते फक्त माणसाशी बोलणे. एवढ्या तयारीने मी नाना पेठेत आणि भवानी पेठेत जातो. जगद्गुरू तुकोबारायांची पालखी निवडुंग्या विठोबा मंदिरात आणि ज्ञानोबा माउलींची पालखी विठोबा मंदिरात मुक्कामी असते, तेव्हा त्या दोन पेठांमधल्या गल्ल्यांत पाय ठेवायला जागा नसते. तिथे दोन किलोंचा कॅमेरा घेऊन शिरणारा माणूस कोणाच्या तरी डोक्यावरच्या तुळशीवृंदावनाला धक्का देणार, हे ठरलेले.

याच मुक्कामात वारकऱ्यांच्या तुटक्या चपला विनामूल्य शिवून देणारे कारागीर रस्त्याच्या कडेला बसतात. अशाच एकांच्या शेजारी, एका बंद दुकानाच्या पायरीवर, मी दोन वर्षांपूर्वी जवळजवळ तासभर बसलो होतो. कॅमेरा मांडीवर होता, तो सर्वांना दिसत होता. एक वृद्ध वारकरी उजवी चप्पल हातात धरून उभे होते आणि डावा पाय, चिखलाने भरलेला, उजव्या पावलावर ठेवून तोल सांभाळत होते. कारागिराने आरी मेणात बुडवली, अंगठ्याच्या पट्ट्यातून दोरा ओढला आणि दाताने तोडला. मी विचारले, कारागिराने वर न पाहता ‘‘घ्या की’’ म्हटले, वारकरीबाबांनी मात्र आधी टोपी सारखी केली. दीड मीटरवरून घेतलेल्या त्या एका छायाचित्रात चप्पल आहे, दोघांचे हात आहेत, मागे रांगेत थांबलेल्यांचे अकरा पाय आहेत. हेच लांब लेन्सने पलीकडून घेतले असते, तर बाबांचा सुरकुतलेला चेहरा तेवढा मिळाला असता. असे सुरकुतलेले चेहरे दरवर्षी शेकड्यांनी छापले जातात आणि त्यांतल्या माणसाच्या हातात काय होते, तो कोणाशी बोलत होता, हे कधीच कळत नाही.

काही मित्र विचारतात, मग हातातला फोन काय वाईट? चित्राच्या गुणवत्तेचा मुद्दा मी बाजूला ठेवतो, कारण चांगल्या फोनची छायाचित्रेही उत्तम असतात. माझा अनुभव असा की, फोन समोर धरला की आजकाल माणसे धास्तावतात; हे आत्ताच्या आत्ता कुठल्या तरी समाजमाध्यमावर जाणार, आपली भाजी, आपले घर, आपली मुलगी उभ्या जगाला दिसणार, अशी भीती त्यांच्या चेहऱ्यावर उमटते. शिवाय फोन हातात असलेला माणूस छायाचित्र घेतो आहे, बोलतो आहे की नुसता वाचतो आहे, हे समोरच्याला उमगत नाही. कॅमेरा निदान आपला हेतू उघड करतो.

या कॅमेऱ्यांत उणिवा नाहीत असे मुळीच नाही. पडदा सतत चालू असल्यामुळे बॅटरी साडेतीनशे छायाचित्रांच्या आसपास संपते, त्यामुळे खिशात दोन जादा लागतात. माझ्या कॅमेऱ्याला पाण्यापासून संरक्षण नाही, म्हणून पावसाळ्यात तो प्लॅस्टिकच्या पिशवीत लेन्सपुरते भोक पाडून आणि रबर लावून वापरावा लागतो, आणि घरी आल्यावर सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावा लागतो. आपल्याकडच्या दमट हवेत लेन्सला बुरशी धरायला एक पावसाळा पुरतो. पण ही सारी गैरसोय माझी आहे, रस्त्यावरच्या माणसाची नाही.

बंदीने काय होते, याचाही अनुभव मला आला आहे. शहरातल्या एका बाजारात सुरक्षारक्षकाने मला अडवले, छायाचित्रे पुसायला लावली आणि ‘वरून आदेश आहे’ एवढेच सांगितले. आदेशाचा कागद विचारला तर तो कोणाकडेच नव्हता. त्याच वेळी माझ्या चारी बाजूंना लोक फोनवर चित्रफिती काढत होते. पुसलेल्या छायाचित्रांत एका गाळेवाल्या काकांचे छायाचित्र होते, जे त्यांनी स्वतः मागितले होते आणि ज्याची प्रत मी त्यांना देणार होतो. यंत्राच्या आकारावर बंदी घातली तर असेच होणार: विचारून, उघडपणे घेणारा अडवला जाणार आणि गच्चीवरून लांब लेन्स लावणारा सुखरूप राहणार.

म्हणून त्या वाचकभगिनींच्या मागणीत मी एक बदल सुचवतो. बंदी घालायचीच असेल तर ती जागेला आणि कृतीला घालावी. टँकर, स्नानाच्या जागा आणि स्त्रियांच्या राहुट्या यांच्या परिसरात कोणत्याही कॅमेऱ्याने, फोनसह, छायाचित्र घेण्यास मनाई असल्याचे मोठे मराठी फलक मुक्कामाच्या ठिकाणी लावावेत. बाजारांमध्ये काय चालेल आणि काय चालणार नाही, हे लेखी आणि दर्शनी भागात असावे, म्हणजे रक्षकालाही मनाने काही ठरवावे लागणार नाही. वर्तमानपत्रे आणि छायाचित्रण मंडळे दरवर्षी वारीच्या छायाचित्रांच्या स्पर्धा घेतात. त्यांच्या प्रवेशिकेत दोन रकाने वाढवावेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. छायाचित्र किती अंतरावरून घेतले आणि चित्रातील व्यक्तीला ते माहीत होते का, एवढेच त्यात विचारावे. लांबून घेतलेले सरसकट बाद करा असे मी म्हणत नाही. दिवे घाटात चढणारा अवघा जनसागर लांबूनच दिसतो. पण एकट्या माणसाचा चेहरा लांबून घेतला असेल, तर परीक्षकांना ते कळले पाहिजे. आपल्या दैनिकाने यंदाच्या स्पर्धेपासून हे सुरू केले तर इतरांनाही करावे लागेल.

यंदाच्या मुक्कामालाही मी त्याच पायरीवर असेन. मागच्या दोन वर्षांच्या एकवीस छायाचित्रांच्या प्रती मी छापून घेतल्या आहेत. दिंडीचा क्रमांक विचारून मागे लिहून ठेवलेला आहे, त्यामुळे निदान निम्म्या तरी ज्याच्या त्याच्या हाती पोहोचतील. त्या वाचकभगिनी त्या बाजूला आल्या, तर त्यांनी जरूर भेटावे; कॅमेरा त्यांच्या हाती देऊन, त्यातून काय दिसते आणि काय दिसत नाही, ते मी त्यांना दाखवू इच्छितो.

आपला विश्वासू,
एक वाचक
कसबा पेठ, पुणे